पळी वाजत राहिली तर

धारेवाडीची जमीन हलायची थांबली आणि आमची झोप उडाली. उलटं सांगतेय असं वाटेल, पण खरं तेच आहे. कोयनेच्या मागच्या अंगाला, डोंगर एकमेकांना खेटून उभे आहेत तिथे आमची तीस-चाळीस उंबऱ्यांची वाडी. तिथली जमीन सदुसष्ट सालच्या मोठ्या भूकंपाच्या आधीपासूनच हलायची, आणि त्यानंतर तर कधी पुरती स्वस्थ बसलीच नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी हादरा यायचाच. बाहेरचा पाहुणा असला तर तो भरल्या ताटावरून उठून अंगणात पळायचा, आणि घरातली बाई त्याच्या मागून भाकरी घेऊन जायची. बसा हो, आमचं नेहमीचंच आहे हे, म्हणायची.

घराघरात एक पळी असायची. स्वयंपाकाची पितळी पळी, आढ्याला दोरीने टांगलेली, आणि तिच्या अगदी शेजारी एक जुनं पितळी ताट. जमीन जराशी जरी हलली तरी पळी ताटाला लागून वाजायची. आमच्या घरची पळी आजोबांनी घोड्याच्या शेपटीच्या केसांवर टांगली होती, त्यामुळे ती सगळ्यांच्या आधी वाजायची. नियम लहान पोरालाही पाठ. पळी एकदा वाजली तर जेवत राहायचं. वाजत राहिली तर ताट टाकून बाहेर पडायचं, आणि बाहेर पडताना शेजाऱ्याला हाक मारायची. वाडीत कोणी 'भूकंप झाला' म्हणत नसे. 'पळी वाजली' म्हणायचे, बस्स.

आता ती वाजायची थांबली होती. आणि थांबवणाऱ्यांत मीही एक होते.

मी हर्षदा यमकर. भूशास्त्रात एमएस्सी केलं, पुण्यात काही वर्षं उगाच भाडं भरलं, आणि आमच्याच खोऱ्यात शंखजिरे प्रकल्प सुरू झाल्यावर अर्ज करून परत आले. लग्न केलं नाही. त्यावर वाडीने बोलून बोलून तोंड दुखवून घेतलं, मग सोडून दिलं. आई गेल्यापासून घरात मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, धुळा यमकर. सदुसष्टला ते सहा-सात वर्षांचे होते. धाकटी बहीण आणि आजी त्यांच्या डोळ्यांदेखत घराखाली गेल्या. पळी वाजत होती, पण आजीला वाटलं, थांबेल. आबांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, पुन्हा कधी नाही.

प्रकल्पाचं काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या खोऱ्याखाली जमीन उभी चिरलेली आहे. वर काळा बेसॉल्ट, त्याच्याखाली ग्रॅनाइट, आणि दोन्हींना कापत खोल गेलेली ही चीर. चिरेच्या दोन्ही बाजू वरखाली होत नाहीत, एकमेकींना घासत आडव्या सरकतात. ओढ्याच्या अलीकडे उभं राहिलं तर पलीकडचा डोंगर डाव्या हाताला चाललेला असतो. चाललेला म्हणजे चालायचं असतं त्याला, पण चालता येत नाही. मधला खडक खडबडीत, भरडलेला, जागोजागी अडकलेला. घरातली जड पेटी फरशीवरून ओढून बघा. ओढता ओढता ती हलत नाही, हलत नाही, आणि मग एकदम हातभर पुढे येते. त्या 'एकदम'लाच भूकंप म्हणायचं.

पेटी हळूहळू सरकावी यासाठी तुम्ही काय कराल? कॅरमवर टाकतो ती पावडर टाकाल. आम्हीही तेच केलं. शंखजिरे हे जगातलं सगळ्यात मऊ खनिज. ज्या भागांत चिरेमध्ये ते आपोआप तयार झालेलं असतं तिथे जमीन न दचकता, गोगलगाईसारखी सरकते. निसर्गाला त्याला लाखो वर्षं लागतात. आमच्या प्रयोगशाळेने एक रसायन शोधलं. खोल भोकं पाडून मॅग्नेशियमच्या कढत पाण्यातून ते चिरेत सोडलं की तिथला भरडलेला खडक काही महिन्यांत शंखजिऱ्यासारखा होतो. ओढ्याच्या वरच्या अंगापासून सुरुवात करून धारेवाडीच्या जेमतेम अलीकडपर्यंत आम्ही चीर अशी मऊ करत आणली. आणि चीर सरकू लागली. ओढ्यावर आम्ही आडवी, पांढरी, सरळसोट भिंत बांधली होती, ती महिन्या-दोन महिन्यांत मधोमध वाकली, नखभर. त्या दिवशी प्रकल्पात पेढे वाटले गेले. हादरे बंद.

वाडीत मात्र कोणी पेढा तोंडात घातला नाही. पळी गप्प, म्हणजे जमीन काहीतरी धरून बसलीय, हे तिथे प्रत्येकाच्या हाडात बसलेलं. हादरे येतात तोवर ताण थोडा थोडा सुटतो अशी सगळ्यांची समजूत, आणि ती अगदीच चुकीची होती असंही नाही. आबांनी पहिल्यांदा खाट अंगणात काढली. मग यसूकाकीने. यसूकाकी म्हणजे शेजारची, जिभेने तिखट, पण माझं अर्धं बालपण तिच्या चुलीपाशी गेलं. बघता बघता सगळी वाडी अंगणात. मार्गशीर्षातली थंडी, सकाळी धुकं इतकं की स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि ही माणसं उघड्यावर.

मी आबांना पांढऱ्या भिंतीपाशी घेऊन गेले. वाकलेली जागा दाखवली. जमीन गप्प नाही, ती चालतेय, फक्त आवाज न करता, असं समजावून सांगितलं. आबांनी भिंतीवरून हात फिरवला, बराच वेळ. मग म्हणाले, भिंत तुमची, ती तुमचंच बोलणार. झालं. परत येऊन खाटेवर बसले.

पंधरवड्यात त्यांना ताप भरला. पाटणच्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि माझ्याकडे पाहिलं. न्यूमोनिया. औषधं दिली, पण बजावलं की या वयात उघड्यावरची थंडी आणि जागरण चालूच राहिलं तर औषधं काही करू शकणार नाहीत. मी हात जोडले, रडले, चिडले. आबा म्हणाले, पळी वाजल्याबिगर म्या आत निजणार न्हाय. हट्टीपणात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही.

मग मी ते केलं. जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर काढली, नखाएवढी असते ती, तिला छोटी बॅटरी आणि फोनवरून चालू करायची चिप जोडली, आणि आबा पाटणला एक्स-रेला गेले तेव्हा आढ्यावर पळीच्या केसांशी चिकटवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापता थापता पदराखालून फोनवर बोट ठेवलं. टण्ण.

आबा अंगणातून उठून दारात आले. पळीकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला माझीच लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. 'हाललं,' ते म्हणाले. 'सुटलं गं पोरी थोडं.' त्या रात्री ते आत निजले, आणि सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत उठले नाहीत.

पण मी एक गोष्ट विसरले होते. आमची पळी ही एकट्या आमची नव्हती. तिचा आवाज यसूकाकीच्या घरात गेला, तिने पुढे सांगितलं. दुसऱ्यांच्या पळ्या का वाजल्या नाहीत असं कोणी विचारलं, तर आबाच सांगायचे, अरे, घोड्याच्या केसावर टांगलीय ती, तिला कळतं तेवढं तुमच्या सुतळीला काय कळणार. मी दर दोन-तीन दिवसांनी मोटर वाजवत राहिले. वाजवली नाही तर ते परत बाहेर जातील ही भीती. आठवड्याभरात आबांच्या शब्दावर सगळ्या वाडीने खाटा आत घेतल्या. यसूकाकीची सून बाळंत झाली, मुलगी झाली, आणि बाळाचा पाळणा थेट मागच्या दगडी भिंतीशी टांगला. मी बारशाला घुगऱ्या खाल्ल्या. आबांचा खोकला उतरला होता. खरं सांगू, मला वाटलं, एवढ्याशा खोट्याने कोणाचं काय बिघडलं?

ते कळायला फार दिवस लागले नाहीत.

चिरेच्या भोकांमधून आम्ही एक काचेची केबल सोडली होती. खोलवर कुठे खडक कुरकुरला तरी ती ऐकते, आणि मी दिवसभर कानाला ती कुरकुर लावून बसते, म्हणजे स्क्रीनवर बघत बसते. एका सकाळी केबलच्या टोकाला ठिपके दिसले. एक ठिपका म्हणजे खडकाला पडलेली एक बारीक फट, केसाएवढी. खडक असा एकदम मोडत नाही. आधी त्याच्या पोटात इथे-तिथे फटी पडतात, विखुरलेल्या, एकमेकींशी ओळख नसल्यासारख्या. ताण वाढत गेला की त्या एका ओळीत यायला लागतात, मग एकमेकींना मिळतात, आणि मिळाल्या की खडक जातो. माझे ठिपके ओळीत यायला लागले होते.

आणि टोक कुठलं, तर जिथे आमचं शंखजिरे संपलं ते. कापड फाडताना बघा, फाटलेल्या भागाला काही होत नाही, सगळा ताण फाट जिथे संपते त्या टोकाला येतो. मऊ केलेला भाग आपला भार सोडून सरकत होता, आणि तो सोडलेला भार पुढच्या न मऊ केलेल्या ग्रॅनाइटवर जाऊन बसत होता. तो ग्रॅनाइट बरोबर धारेवाडीच्या पायाखाली.

मी ओगले मॅडमकडे धावले. त्या प्रकल्पाच्या प्रमुख, माणूस म्हणून वाईट मुळीच नाहीत, उलट फार विचारी. त्यांनी माझे ठिपके नीट पाहिले, दोनदा पाहिले. त्यांनाही टोकाची काळजी होतीच. पुढचं भोक पाडणारं यंत्र वाटेत होतं, तीन आठवड्यांत काम सुरू झालं असतं. तोवर धोका आहे, पण वाडी रिकामी करण्याच्या रेषेच्या खाली आहे, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, निदान लोकांना सांगा तरी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

'हर्षदा, एकदा खोटा इशारा दिला ना, की दुसऱ्यांदा खरा दिला तरी कोणी उठत नाही. तू तिथलीच आहेस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं.'

मला कळत होतं. घरी जाऊन सांगितलं असतं तर वाडी काय म्हणाली असती हे मला पाठ होतं. अगं, तुझ्या बापाची पळी चांगली वाजतेय की, जमीन मोकळी होतेय. माझ्या सगळ्या शिक्षणाला त्या नखाएवढ्या मोटरने आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. लोक घरात होते ते माझ्यामुळे. बाळ त्या दगडी भिंतीशी होतं ते माझ्यामुळे.

घरी आले तर आबा दारात ऊन खात शेंगा सोलत बसले होते, बऱ्याच दिवसांनी गुणगुणत. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मोटर, फोन, ठिपके, टोक. काहीच शिल्लक ठेवलं नाही. ते शेंगा सोलायचे थांबले. मला वाटलं, आता हे मला मारतील. लहानपणी एकदाही हात उगारला नव्हता, तरी वाटलं.

'म्या सांगितलं म्हणून लोकं आत गेली,' ते शेवटी म्हणाले. माझ्याकडे बघतही नव्हते. 'माज्या पळीवर इश्वास ठेवून गेली.'

एवढंच. पळी वाजत असताना त्यांची आजी आत थांबून राहिली होती, हेच त्यांच्या डोक्यात चाललंय हे मला दिसत होतं, आणि त्यापुढे माझ्या माफीला काय किंमत. ते उठले, आत गेले, स्टुलावर चढले. मी पडतील म्हणून धावले तर मला हाताने मागे सारलं. पळी हातात धरली आणि ताटावर मारायला लागले. टण्ण, टण्ण, टण्ण, थांबायचं नावच नाही. वाजत राहिली तर बाहेर पडायचं. क्षणात यसूकाकीची आरोळी आली, मग तिच्यापुढच्या घराची, मग खालच्या आळीची. भर दुपारी अख्खी वाडी आमच्या अंगणापुढे गोळा झाली, कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या काखेत पोर, यसूकाकीच्या सुनेच्या कुशीत ते बाळ.

जमीन काही हलत नव्हती. आबा दारात आले, पळी हातात.

'पळी म्याच वाजवली,' ते म्हणाले. 'आत्ताची पन, आन् म्हयनाभर वाजली ती पन. जमीन हाललीच न्हाय कधी. घरात कोन जाऊ नका, आजपास्नं समद्यांनी भायेर निजायचं.'

मी तोंड उघडलं. त्यांनी माझं मनगट असं आवळलं की हाड दुखलं. माझी नोकरी, माझी अब्रू, असलं काहीतरी त्यांच्या मनात असणार. आणि मी गप्प बसले. हो, बसले. त्या क्षणी मला बरंच वाटलं, हेही सांगून टाकते.

लोकांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग राग आला, आणि तो खराच होता. म्हाताऱ्याला चळ लागलाय इथपासून काय काय बोलले. यसूकाकी एकटी पाठ फिरवून निघून गेली. ते जास्त लागलं. पण खाटा बाहेर आल्या, कारण कितीही म्हटलं तरी भीती ती भीतीच. आबांनाही मी गोधड्या आणि प्लास्टिकच्या कागदाचा आडोसा करून अंगणात निजवलं. निजवलं म्हणजे आडवं केलं. डोळा लागतच नव्हता. खोकला परत आला.

पुढचे दोन-तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. प्रकल्पात जाऊन ठिपके बघायचे, घरी येऊन आबांची छाती ऐकायची. ठिपके वाढले की भीती वाटायची, आणि कमी झाले की त्याहून जास्त. कारण कमी झाले तर लोक आत जाणार. एकदा तर, देवा शप्पथ, मनात आलं की होऊन जाऊ दे एकदाचा. आपल्याच वाडीसाठी असं मनात यावं याची भीती मला भूकंपापेक्षा जास्त वाटली. आबांच्या दारात एरवी चहाला दहा माणसं असायची. आता कोणी फिरकत नव्हतं. पाण्याला येणाऱ्या बायका आमच्या अंगणाला वळसा घालून जायच्या.

तिसऱ्या सकाळी यसूकाकीच्या घरातून आवाज आला, खाट ओढल्याचा. मी जाऊन बघते तर काकी पाळणा परत आत नेत होती. बाळाला सर्दी झाली होती, छाती वाजत होती, सून रडून रडून बेजार. काकी म्हणाली, तुझ्या बापाने म्हयनाभर खोटी पळी वाजवली, मग आताची तरी खरी कशावरून? म्हातारपणी लोकांना नाचवायची हौस आलीय त्याला. माझ्या नातीचा जीव त्याच्या हौशीपायी घालवू काय?

तिच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. आबांनी माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि त्यामुळेच त्यांचं खरं कोणी ऐकत नव्हतं. मागे खालच्या आळीची दोन माणसंही खाटा उचलत होती.

मी तिथेच बोलले. हळू बोलायचं ठरवलं होतं पण आवाज चढलाच, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. पळी आबांनी नाही, मी वाजवली. आबा आत निजावेत, त्यांची छाती बरी व्हावी म्हणून. मोटर कशी लावली, फोन कसा दाबला, तेही. आणि मग केबलबद्दल. ठिपके ओळीत आलेत, आपल्याच पायाखाली, आणि हे सांगायची मला परवानगी नाही, सांगितलं तर नोकरी जाईल. मी फोनमधला स्क्रीनचा फोटो सगळ्यांपुढे धरला. त्यांना त्यातलं काय कळणार होतं! ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

'माझ्यावर रागवा,' मी म्हटलं. 'वाटेल ते बोला. पण काकी, त्या भिंतीपाशी पाळणा नको.'

काकी पाळण्याची दोरी हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, थोबाडीत मारणार. मारायला हवी होती. तिने आमच्या अंगणाकडे पाहिलं. आबा गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, एकटे.

'तीन दिस त्या माणसाला कुणी पाणी इचारलं न्हाय,' ती म्हणाली. 'आन् तू बघत बसलीस.'

काकीने पाळणा बाहेर आणला आणि आंब्याच्या फांदीला बांधला, बाळाभोवती असतील नसतील तेवढ्या गोधड्या. मग चूल बाहेर पेटवली आणि पहिला चहा आबांना नेऊन दिला. खालच्या आळीवाल्यांनीही खाटा परत ठेवल्या. मला मात्र दिवसभर कोणी काही बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं.

माझं बोलणं कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओगले मॅडमचा फोन आला. त्या चिडल्या नाहीत, थकलेल्या वाटल्या. आजपासून केबलच्या खोलीत यायचं नाही, पुढचं समिती ठरवेल, असं म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता थांबल्या. 'तुमच्या वाडीत आत कोणी नाही ना?' मी म्हटलं, नाही. 'बरं,' त्या म्हणाल्या, आणि ठेवला. ठिपक्यांचं काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

दुपार झाली. धुकं उठून लख्ख ऊन पडलं होतं. आबांनी दोन घास भात खाल्ला आणि आडवे झाले. मी त्यांच्या पायाशी बसून होते, उगाच, हाताला काही काम नाही. काकी चुलीपाशी भांडी घासत होती. कावळे एकदम ओरडून उडाले, आणि आतून पळी वाजली.

टण्ण.

आढ्यावरची मोटर मी आबांना सगळं सांगितलं त्याच दिवशी काढून ओढ्यात फेकली होती. काकीचा हात भांड्यावर थांबला. पळी पुन्हा वाजली. आणि पुन्हा, आणि मग थांबेचना. पाठोपाठ वाडीतल्या सगळ्या पळ्या लागल्या, सुतळीवरच्यासुद्धा, आणि खालून एक घरघर आली जी कानांनी नाही, दातांनी ऐकू येते. खाट माझ्या हाताखालून सरकली. मी आबांच्या अंगावर पडले, त्यांना धरून राहिले. आंब्याचं झाड सपसप हललं, सुनेने बाळाला पाळण्यातून ओढून पोटाशी घेतलं. काकीच्या घराची मागची दगडी भिंत अजिबात घाई न करता आत झुकली आणि बसली. धूळ उठली. खालच्या आळीत पत्रे कोसळल्याचे आवाज, मग आणखी एक भिंत. कोणी कोणाला हाका मारत होतं, आणि प्रत्येक हाकेला कुठून तरी ओ येत होती. मी मोजत नव्हते, पण ऐकत होते. ज्याला हाक गेली त्याची ओ आली.

धूळ बसत आली तेव्हा दिसलं, आमच्या घराची एक बाजू गेली होती. आढं तसंच राहिलं होतं, वाकडं. काकी भिंतीखाली गेलेल्या जागेकडे, पाळणा होता त्या जागेकडे बघत उभी होती. मग ती मटकन खाली बसली, तोंडाला पदर लावून. तिने माझ्याकडे हात केला, मी जवळ गेले, आणि तिने माझा हात धरून ठेवला.

मी आबांकडे परत आले. ते कुशीवर वळून आमच्या मोडक्या घराकडे कान देऊन पडले होते. जमीन अजून बारीक बारीक हलत होती, मोठ्या हादऱ्यानंतर हलते तशी, आणि आत, त्या वाकड्या आढ्याला, घोड्याच्या केसांवर टांगलेली पळी वाजतच होती.

'ही तुजी न्हवं,' आबा म्हणाले.

'नाही आबा. ही खरी.'

त्यांनी मान हलवली, गोधडी खांद्यावर ओढली आणि डोळे मिटले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, श्वास बघायला. चालू होता, खोल आणि सावकाश. त्यांना झोप लागली होती.